वरचा एक तास

संचिता घाडगेने गेल्या तीन वर्षांत निदान लाखभर माणसांना सहलीला धाडलं असेल. स्वतः मात्र ती डोंबिवली ते माजिवडा आणि माजिवडा ते डोंबिवली यापलीकडे फारशी गेली नव्हती. माजिवड्याला एका चार मजली इमारतीत तिचं ऑफिस होतं आणि तिथे बसून ती एका वेबसाइटसाठी 'दोन दिवसांत पाहून व्हावीत अशी टुमदार गावं' लिहायची. लोकांनी टाकलेले फोटो बघायचे, तीन-चार जणांची प्रवासवर्णनं चाळायची, नकाशा उघडायचा, एखाद्या खानावळीचा नंबर शोधायचा आणि द्यायचं ठोकून. गाव टुमदार आहे की नाही हे तिला कुठून कळणार? पण तिने टुमदार लिहिलं की वाचणाऱ्यांना ते तसं दिसायचं, आणि परत आल्यावर ते तसं कळवायचेही.

यात आपण कोणाला फसवतोय असं तिच्या कधी मनात आलं नाही. फार तर एखादं हॉटेल बंद निघायचं, लोक लेखाखाली दोन शिव्या हासडायचे, ती माफी मागायची आणि विषय संपायचा.

करंजवेळचं तसं झालं नाही. करंजवेळ हे कोकणातलं एक लहानसं बंदर. एकच बाजारपेठ, लाकडी माड्यांची घरं, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या आणि गावाबाहेरच्या किनाऱ्यासमोर जुईबेट. बेटावर देवीचं चिमुकलं देऊळ. भरतीला बेट तुटून वेगळं पडतं, ओहोटीला वाळूचा एक पट्टा उघडा होतो आणि त्यावरून पंधरा मिनिटांत चालत पलीकडे जाता येतं. एवढं सगळं नेटवर होतंच. पण जागृती, म्हणजे तिची संपादक, खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाली, "हे सगळ्यांनी लिहिलंय गं. आपलं वेगळं काय? काहीतरी लोकल टाइप टाक ना. जुन्या लोकांचं नॉलेज वगैरे."

जुनं माणूस खालीच बसलेलं होतं. इमारत जिथे उभी होती तिथे पूर्वी राघो भोईरांचं मिठागर होतं. त्यांच्या मुलाने, प्रफुल्लने, त्यावर इमारत उठवली, गाड्या घेतल्या. म्हाताऱ्याने फक्त एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि फाटकाशी टाकली. वय त्र्याऐंशी. खाडी टॉवरांच्या मागे कधीच दिसेनाशी झाली होती, तरी या घटकेला पाणी कुठवर आलंय ते राघोबा खुर्चीत बसून सांगायचे. संचिता त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

"आजोबा, भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची हो?"

"सोप्पं हाय गो. तिथीची पाऊनपट कर, वर एक तास घाल. तवा पानी भरलं. त्याचे म्होरं सहा तासान सुकलं."

म्हणजे दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, वर एक तास, साडेआठ. साडेआठला भरती, तर अडीचला ओहोटी. संचिता हरखून गेली. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिने दिवाळीपर्यंतच्या सगळ्या शनिवार-रविवारांचा तक्ताच करून टाकला. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, ही जुईबेटावर जाण्याची सुरक्षित वेळ. वर मथळा दिला, 'मिठागरातल्या आजोबांचं शंभर वर्षं जुनं गणित'. ती शंभर वर्षं तिने पदरची घातली होती.

हे गणित कुठल्या पाण्यासाठी हवंय असं राघोबांनी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. चूक म्हणाल तर एवढीच झाली.

लेख तुफान चालला. चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी वाचला. तक्त्याचा तर लोकांनी फोटो काढून ग्रुपा-ग्रुपांवर फिरवला. पहिला शनिवार तृतीयेचा होता. त्या दिवशी ओहोटीची वेळ सकाळी सव्वानऊची होती, आणि सुट्टीला गेलेला माणूस सव्वानऊला अंथरूण सोडत नाही. त्यामुळे तो आठवडा निभावला. कोणाला काही कळलं नाही.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो उत्तमरावांना. संचिताचे वडील ठाण्याच्या कोर्टात चौतीस वर्षं कारकून होते. 'तोंडी काही नसतं, लेखी काय आहे ते दाखवा,' हे वाक्य त्यांनी या चौतीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की निवृत्तीनंतर भाजीवाल्यालाही ते ऐकायला लागायचं. मूळ गाव खटावाकडचं. तिथे प्यायचं पाणी टँकरने यायचं. समुद्र त्यांनी विसर्जनाच्या दिवशी लांबून पाहिलेला. त्या माणसाने मुलीचा लेख स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणला आणि वर लॅमिनेट करून घेतला.

"तू जाऊन आलीस ना गं तिथे?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. त्या रविवारी ऑफिसचे सगळे गेलेलो ना."

त्या रविवारी ती मैत्रिणीकडे पिझ्झा खात लोळत पडलेली होती. पण तो चकचकीत कागद हातात धरून उभ्या असलेल्या बापाला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. त्याच संध्याकाळी उत्तमरावांनी जाहीर केलं की ते आणि शेवंताबाई करंजवेळला जाणार. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि लग्नकार्य सोडून दोघं कुठे म्हणून गेले नव्हते. शेवंताबाईंचे गुडघे दुखायचे, तरी त्यांनी नवीन चपला घेतल्या.

तो शनिवार दशमीचा होता.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संचिताचा फोन वाजला. शनिवारी अर्धं ऑफिस रिकामं असायचं. ती डबा खाऊन पुढच्या लेखाची जुळवाजुळव करत होती.

"संचिता, पोचलो बरं का किनाऱ्यावर!" उत्तमराव वाऱ्यावर ओरडत होते. "काय जागा आहे! अगदी तू लिहिलीस तश्शी. इथे विठ्ठलवाडीचं एक कुटुंब भेटलं. महेंद्र म्हणून आहेत, त्यांची मिसेस आणि छोटी मुलगी श्रिया. त्यांच्या मोबाइलवर तुझाच तक्ता! मी म्हटलं, अहो, लिहिणारी माझी मुलगी आहे. फोटो काढला त्यांनी माझ्यासोबत."

"बाबा, तुम्ही पण ना."

"साडेतीनपर्यंत वेळ आहे म्हणजे भरपूर झाला. आईला घेऊन हळूहळू निघतो आता." आणि फोन कट झाला.

संचिताला भरून आलं, खोटं कशाला बोला. थोडी लाजही वाटली, पण ती आनंदाच्या खाली दबून गेली. या भरात तिला आठवलं की ज्यांच्या गणितावर हे सगळं झालं त्यांना आपण लेख वाचूनही दाखवलेला नाही. ती फोन घेऊन खाली गेली.

राघोबा डोळे मिटून ऐकत होते. स्वतःचं नाव आल्यावर किंचित हसले. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"ही जागा खारीन हाय का दर्याव?"

"खाडीत नाही हो. समुद्रावर. उघडा समुद्र आहे तिथे."

"मंग वरचा तास कशाला धरलास?"

तिला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण ते कुठे जाऊन लागतात ते कळलं नाही.

"वरचा तास आमचे खारीचा गो. दर्यातलं पानी आमचे मिठागरापरत याला तास लागतं. दर्याव कसला तास? तथं पानी कवाच फिरलं."

संचिताने फोनवर वेळ पाहिली. दोन वाजून चोवीस मिनिटं. खरी ओहोटी दीडला होऊन गेलेली. जाण्याची खरी वेळ अडीचला संपणार. म्हणजे सहा मिनिटांनी. आणि आईबाबा तर आत्ता निघाले होते, आईच्या गुडघ्यांच्या चालीने, दर दहा पावलांना थांबत.

बाबांचं नाव शोधताना तिचं बोट भलतीकडेच पडलं. फोन लागेना. 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे,' असं ती गोड बाई सांगत राहिली. आईचाही लागेना. पुन्हा बाबा. पुन्हा आई. तिला त्या गोड बाईचा गळा धरावासा वाटला.

"आजोबा, माझे आईबाबा गेलेत तिथे."

राघोबा खुर्चीतून उठले. गेल्या तीन वर्षांत तिने त्यांना कोणाच्या आधाराशिवाय उठताना पाहिलं नव्हतं. "वालूचा पट्टा हाय म्हनालीस ना? मंग आईक. पानी म्होरून नाय येत. किनाऱ्यापाशी मागं चर असते, आदी ती भरते. मानूस म्होरं बघत चालतो, त्याला वालू सुकी दिसते, आनि मागं वाट गेलेली असते." ते थांबले. "मधी अडकाचं नाय. बेटाव गेलीच असतील तं तथंच बसाचं, रातीची ओहोटी होईपरत. मधी उतराचं नाय. सांग त्याना."

"फोन लागत नाहीये!"

लेखात तिने स्वतःच एका खानावळीचा नंबर दिला होता, आणि आईबाबा तिथेच उतरले होते. तो लागला. रंगूबाई नावाच्या मालकीणबाईंनी उचलला.

"ते डोंबिवलीचे ना? गेले की दीडला जेवून. मी म्हटलं भाऊ, आज उशीर झाला, उद्या जावा. तर मला कागद दाखवला. चकचकीत कागद हो. म्हणाले, लेखी आहे." रंगूबाईंचा आवाज चढला. "कोणी लिहिलंय ते? त्या शहाण्याला इथे आणून उभा करा एकदा."

"मी लिहिलंय," संचिता म्हणाली. "बाई, कोणाला तरी पाठवा ना. पाया पडते तुमच्या."

पलीकडे कडी लावल्याचा आवाज आला. मग रंगूबाई म्हणाल्या, "बाप्ये सगळे पलीकडच्या वाडीत लग्नाला गेलेत. मीच निघते. पण मला वीस मिनिटं लागतील गो, पन्नाशी उलटलीय माझी."

वीस मिनिटं. फाटकासमोरून रिक्षा जात होत्या, एक बाई पोराला क्लासवरून ओढत नेत होती, वडापावच्या गाडीवर कोणी हसत होतं. संचिताला हे सगळं दिसत होतं आणि यातल्या एकालाही काही पडलेली नाही याचा तिला भयंकर राग येत होता. ती नंबर फिरवत राहिली. एकीकडे तिचं मन नको नको ते दाखवत होतं. आईच्या नव्या चपला. आईला पोहता येत नाही. बाबांनाही येत नाही. खटावात कोणाला येणार पोहता?

दोन छत्तीसला बाबांचा फोन वाजला. उचलला.

"बाबा! कुठे आहात?"

"किनाऱ्यावरच. तुझ्या आईची नवी चप्पल रुतली चिखलात आणि बसली रुसून दगडावर. म्हणते पुढे एक पाऊल टाकणार नाही. तूच समजाव तिला."

संचिता तिथेच फाटकाच्या पायरीवर बसली. आई किनाऱ्यावर. बाबा किनाऱ्यावर. तिला हसू आणि रडू एकदम आलं, त्या चपलेला तिने मनोमन हात जोडले.

"ते विठ्ठलवाडीचे मात्र पुढे गेले बघ," उत्तमराव सांगत होते. "मिसेस जरा घाबरत होत्या. मीच म्हटलं, निर्धास्त जा, साडेतीनपर्यंत वेळ आहे, लेखी आहे. ती बघ, छोटी मधेच शिंपले वेचत बसलीय. गोड आहे पोर."

संचिता पायरीवरून ताडकन उठली.

"बाबा, त्यांना परत बोलवा. आत्ताच्या आत्ता. वेळ चुकलीये. एक तास चुकलाय."

"चुकलाय म्हणजे? तक्त्यात साडेतीन आहे."

"तक्ता चुकीचा आहे!"

"असं कसं? तू स्वतः लिहिलंयस. आणि वाळू चांगली सुकी दिसतेय मला इथून." कोर्टातला कारकून बोलत होता आता. "उगाच तोंडी काहीतरी सांगून लोकांना घाबरवायचं नसतं. तू तिथे जाऊन, बघून लिहिलंस ना?"

राघोबा तिच्यासमोर उभे होते. दोन सदतीस. ती मुलगी शिंपले वेचत होती.

"मी गेलेच नाही बाबा," संचिता म्हणाली. "करंजवेळला मी कधीच गेलेली नाहीये. मी खोटं बोलले तुमच्याशी. कुठेच जात नाही मी, सगळं इथे बसून लिहिते. ती वेळ ठाण्याच्या खाडीची आहे. तुमच्या आणि त्यांच्यामध्ये चर असेल बघा, खोलगट भाग, त्यात पाणी यायला लागलं असेल. बघा ना!"

नुसता वारा ऐकू येत होता. मग त्यांचा आवाज आला, पण तिच्याशी नव्हे. "शेवंता, हा फोन धर."

आणि मग लांबून त्यांचं ओरडणं. "ओ महेंद्र! परत या! ओ!"

"आई, काय चाललंय? आई!"

"अगं ओरडतायत ते. त्यांना ऐकू जात नाही, वारा उलटा आहे." शेवंताबाईंना अजून काही समजलं नव्हतं. "शर्ट कशाला काढतायत? अगबाई, शर्ट काढून हलवतायत. लोक काय म्हणतील! संचिता, ते पाण्यात गेले गं. इथे मघाशी पाणी नव्हतं, आता गुडघाभर आहे. अहो! अहो, मागे या! तुम्हाला पोहता येत नाही!"

"आई, बाबांना थांबव!"

"थांबत नाहीत गं. ऐकत नाहीत. मांडीपर्यंत आलं त्यांच्या. मला उठता येत नाहीये, कोणी नाही इथे. संचिता, तू काय सांगितलंस त्यांना? काय सांगितलंस?"

फोन कट झाला. दोन सत्तेचाळीस.

पुढची पस्तीस मिनिटं संचिता कधी विसरणार नाही. फोन कोणाचाच लागला नाही. तिने पोलिसांचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने गावाचं नाव तीनदा विचारलं, तालुका विचारला, कळवतो म्हणाला. मग तिने ऑफिसात पळत जाऊन लेख काढून टाकला. एक बटण दाबलं की झालं. पस्तीस सेकंदही लागले नाहीत. जागृती काहीतरी विचारत होती, तिच्याकडे न बघता ती पुन्हा खाली आली, कारण या क्षणी जगात फक्त एकाच माणसाला ते पाणी माहीत होतं.

"आता किती असेल, आजोबा?"

"कंबरंला."

पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. राघोबांनी टॉवरांकडे, म्हणजे मागच्या न दिसणाऱ्या खाडीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "इचारू नको."

त्यावर ती रडायला लागली. भर दुपारी, फाटकात, मोठ्याने. बाबा गेले तर ते माझ्यामुळे. ती मुलगी गेली तर तीही माझ्यामुळे. आणि बाबांना मरताना हे ठाऊक असणार की आपली मुलगी खोटारडी आहे. हा शेवटचा विचार सगळ्यात वाईट होता आणि तो येतोय याचीही तिला लाज वाटत होती.

तीन बावीसला आईचा फोन आला. पहिल्यांदा नुसतेच हुंदके.

"आई! बोल ना!"

"आले," शेवंताबाई म्हणाल्या. "आले गं सगळे."

महेंद्रनी मुलीला खांद्यावर घेतलं होतं. त्यांच्या बायकोने उत्तमरावांच्या शर्टाची एक बाही धरली होती, दुसरी बाही उत्तमरावांनी मनगटाला गुंडाळली होती. चरीत पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि ओढ अशी की दोनदा त्या बाईचे पाय सुटले. रंगूबाई धावत आल्या, त्यांनी लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरून शेवटच्या टप्प्यात हात दिला. उत्तमरावांचा चष्मा वाहून गेला. किनाऱ्यावर पोचल्यावर महेंद्र त्यांच्या अंगावर धावून आले. "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून गेलो आम्ही! माझी पोर गेली असती!" आणि उत्तमराव, जे घरीही कधी बनियनवर दार उघडत नसत, ते ओल्या बनियनवर हात जोडून उभे राहिले.

"काही बोलले का गं बाबा?"

"नाही. मुलीच्या हातात शिंपले तसेच होते, ते मोजत बसलेत तिच्याशी."

रविवारी संध्याकाळी दोघं डोंबिवलीला परत आले. उत्तमराव जुना चष्मा लावून सोफ्यावर बसले. संचिताने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी तेच म्हणाले, "काढून टाकलंस?"

"हो बाबा. शनिवारीच."

त्यांनी मान हलवली, पण ती हो अशी नव्हती. मोबाइल उघडून तिच्यासमोर धरला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर दुपारी कोणीतरी तक्त्याचा फोटो टाकला होता. लेख कापलेला, तिचं नाव कापलेलं, राघोबांचं नावही कापलेलं. फक्त तारखा आणि वेळा. खाली अंगठे. वर लिहिलं होतं, 'जरूर भेट द्या, सहकुटुंब.'

शनिवारी ती एका मुलीसाठी घाबरली होती. आता दिवाळीपर्यंतचे सगळे शनिवार आणि सगळे रविवार तिच्यासमोर ओळीने उभे राहिले, आणि प्रत्येक वाळूवर तिने न पाहिलेली एकेक मुलगी शिंपले वेचत होती. तिने लेख काढला होता. पण तो कागद आता तिचा नव्हताच.

त्या आठवड्यात तिला धड झोप लागली नाही. वेबसाइटवर तिने चूक कबूल करणारी मोठी नोंद टाकली. ती तीनशे लोकांनी वाचली. तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर आला, आईच्या भिशीच्या ग्रुपवर आला, कल्याणच्या कुठल्याशा हास्यक्लबात गेला. आणि जिथे जिथे तो आला तिथे तिथे उत्तमराव एका बोटाने, जुन्या चष्म्यातून, कोर्टातल्या अर्जासारखा मजकूर टाइप करत बसले.

'सदर तक्त्यातील ओहोटीच्या वेळा एक तासाने चुकीच्या आहेत. जिवाला धोका आहे. कृपया विसंबून जाऊ नये. लिहिणारी माझी मुलगी आहे. उत्तम घाडगे, डोंबिवली पूर्व.' खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

"तुमचं नाव कशाला देताय बाबा? माझं द्या."

"निनावी अर्जाला कोणी विचारत नाही," ते टाइप करतच म्हणाले.

'लिहिणारी माझी मुलगी आहे.' करंजवेळच्या किनाऱ्यावर त्यांनी हेच शब्द वापरले होते, फोटो काढून घेताना. संचिताला ते वाचवेना.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. कोणी बदलापूरचा माणूस होता, उद्या सकाळी तीन कुटुंबं मिळून गाडी करून करंजवेळला निघायची होती. त्याने मजकूर वाचला होता. उत्तमरावांनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि फोन मुलीपुढे केला.

"हॅलो मॅडम, तुम्हीच लिहिलेलं ना ते?" माणूस घाईत होता. "वेळ चुकली ते ठीक आहे, होतं असं. मग बरोबर वेळ काय ते तेवढं सांगा ना. तुम्ही तिथे जाऊन आलाय म्हणजे तुम्हाला माहीत असणार."

राघोबांचा वरचा तास वजा केला की उत्तर तिच्या जिभेवर होतं. दहा सेकंदांचं काम. समोर उत्तमराव बसले होते, तिच्याकडे बघत नव्हते, मोबाइलच्या कव्हराची कड नखाने साफ करत होते.

"मला माहीत नाही," संचिता म्हणाली. "मी तिथे गेलेली नाही. किनाऱ्याजवळ रंगूबाईंची खानावळ आहे, त्यांना विचारा. आणि त्या नको म्हणाल्या, तर जाऊ नका."